नऊ दिवसांत एव्हरेस्ट बेस कॅम्प? आधी रात्री मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ४८ चे, मिसेस ४५, मुलगा अकरावीत, तिघांनाही चालायची सवय आहे, हरिहर, अंजनेरी, कळसूबाई नेहमी होतं. दिवाळीच्या सुट्टीत नेपाळमधून एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचंय. हातात दोन कोटेशन आहेत, एक काठमांडू ते काठमांडू नऊ दिवसांचं आणि दुसरं चौदा दिवसांचं, दुसरं माणशी बरंच महाग, आणि ऑफिसची रजा मोजकी. तुम्हाला बीपीची एक गोळी चालू आहे. आम्ही फिट आहोत तर नऊ दिवसांचं घेतलं तर चालेल का आणि नाशिकमध्ये राहून तयारी कशी करायची, असं विचारलंय.

तुमच्या तिघांच्या पायांची मला अजिबात काळजी वाटत नाहीये. कळसूबाई आरामात करून त्याच दिवशी घरी येणारा माणूस खुंबूच्या, म्हणजे एव्हरेस्टकडच्या भागातल्या, वाटेवर दिवसाला सहा-सात तास चालू शकतो, वाट चांगली आहे, कुठे हरिहरसारख्या उभ्या कातळातल्या पायऱ्या चढायच्या नाहीयेत. काळजी आहे ती तुम्ही कुठल्या रात्री किती उंचीवर झोपणार याची, आणि वर कुणाला त्रास झाला तर पुढे काय हे आधी ठरलंय की नाही याची. मी नाशिकहून ग्रुप घेऊन जाते, आणि फिट आहोत ना मग चालेल हे वाक्य मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रात त्याच्या वर जमीनच नाही. लुक्लाला, जिथून चालायला सुरुवात होते तिथे, विमानातून उतरता तेव्हाच तुम्ही २,८०० च्या वर असता. दुसऱ्या दिवशी नामचे बाजार, ३,४४० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीपेक्षा जास्त. बेस कॅम्प ५,३६४. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो, म्हणजे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही निम्मा. सह्याद्रीत कितीही चढा, शरीराला या गोष्टीची ओळखच होत नाही. म्हणून आपल्याकडचा भारी ट्रेकर आणि कधीच न चढलेला माणूस उंचीच्या बाबतीत एकाच रेषेवर उभे असतात, उलट भारी ट्रेकरला जोरात चालायची सवय असते त्यामुळे त्याला त्रास लवकर होताना दिसतो, विशेषतः विशी-पंचविशीतली मुलं. तुमच्या मुलाकडे त्या दृष्टीने लक्ष ठेवा, तो सगळ्यात पुढे पळेल.

वेळ का लागतो ते समजून घ्या, मग बाकीचं सगळं आपोआप समजेल. वर गेल्यावर ऑक्सिजन कमी म्हणून शरीर श्वास वाढवतं. श्वास वाढला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी व्हायला लागतं आणि ते बघून मेंदू श्वासाला ब्रेक लावतो. रात्री झोपेत हा ब्रेक जास्त जाणवतो, मध्येच श्वास थांबल्यासारखा होऊन माणूस दचकून उठतो. मग किडनी हळूहळू बायकार्बोनेट लघवीतून बाहेर टाकते, रक्त परत जागेवर येतं आणि ब्रेक सैल होतो. या कामाला किडनीला दिवस लागतात, तास नाही. तुम्ही किती किलोमीटर पळता याच्याशी किडनीला काही घेणंदेणं नाही.

यावरून जगभर पाळला जाणारा नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेलात की झोपायची उंची दिवसाला साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जादा काढायची. दिवसा वर जाऊन आलात तर चालतं, उलट चांगलंच, मोजायची ती झोपायची उंची.

आता हा नियम हातात घेऊन रूट बघू. नेहमीचा बारा दिवसांचा प्लॅन असा असतो: पहिली रात्र फाकदिंग २,६१०, मग नामचे ३,४४० ला दोन रात्री, मग तेंगबोचे ३,८६०, मग दिंगबोचे ४,४१० ला दोन रात्री, मग लोबुचे ४,९०० च्या वर, मग गोरक्षेप ५,१६० च्या आसपास आणि त्याच दिवशी बेस कॅम्प. पुढच्या पहाटे काला पत्थर ही टेकडी, तिथून खाली फेरीचे, मग नामचे, मग लुक्ला, बाराव्या दिवशी विमान. तुमचं चौदा दिवसांचं कोटेशन म्हणजे बहुतेक हेच, अधिक काठमांडूचे दोन दिवस.

नीट बघितलंत तर हा प्लॅनही नियमाच्या काठावरच आहे. फाकदिंग ते नामचे एका दिवसात ८३० मीटर वाढतात, म्हणून तर नामचेला दुसरी रात्र आहे. तेंगबोचे ते दिंगबोचे ५५०, दिंगबोचे ते लोबुचे पुन्हा ५०० च्या आसपास. म्हणजे या प्लॅनमध्ये चैनीसाठी घातलेला एकही दिवस नाहीये. लोक नामचेच्या दुसऱ्या दिवसाला रेस्ट डे म्हणतात आणि मग वाटतं की आपल्याला रेस्टची काय गरज. त्या दिवशी खरं तर सकाळी वर एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत, म्हणजे ३,८८० पर्यंत चढायचं आणि परत खाली येऊन झोपायचं असतं, दिंगबोचेलाही तसंच, नागार्जुनच्या टेकडीवर जितकं झेपेल तितकं. पाय चालतच असतात, थांबलेली असते ती झोपायची उंची.

नऊ दिवसांच्या प्लॅनमध्ये काय होतं तर नेमक्या या दोन रात्री जातात. बारा दिवसांच्या प्लॅनमध्ये गोरक्षेपची रात्र आठवी येते, नऊ दिवसांच्यात ती सहावी येते. काही जण यातूनही सुखरूप जाऊन येतात आणि मग सांगतात की आम्हाला काही झालं नाही. खरं आहे त्यांचं, उंची कुणाला कशी लागेल हे आधी सांगता येत नाही, तोच माणूस एकदा मजेत जातो आणि पुढच्या वेळी आजारी पडतो. पण तिघांचं कुटुंब आहे, तिघांपैकी एकालाही लागली तर तिघांचाही ट्रेक तिथेच थांबतो.

एक गोष्ट मात्र कंपनीला विचारून घ्या, दिवस नेमके कुठले कापलेत. चढतानाचे कापले असतील तर सरळ नाही म्हणा. उतरतानाचे कापले असतील, म्हणजे वर जाताना सगळ्या रात्री नीट ठेवल्यात आणि गोरक्षेपहून हेलिकॉप्टरने परत आणतायत, तर उंचीच्या दृष्टीने हरकत नाही, खाली येण्याने कुणी आजारी पडत नाही. फक्त मग ते नऊ दिवसांत जेमतेमच बसतं आणि स्वस्तात तर नाहीच, त्यामुळे तुमचं कोटेशन त्या प्रकारचं असेल असं मला वाटत नाही.

माझ्या ग्रुपसाठी मी शक्यतो अजून एक बदल करते, पहिल्या रात्री फाकदिंगऐवजी थोडं पुढे मोंजोला थांबते, ते २,८३५ वर आहे. म्हणजे दुसऱ्या दिवशी नामचेची उडी ८३० ची ६०० वर येते आणि नामचेची खडी चढण सकाळीच, ताज्या पायांनी होते. पहिल्याच दिवशी विमान उशिरा पोचलं तर हे जमत नाही, त्यामुळे त्या दिवशी बघूनच ठरवावं लागतं.

विमानावरून आठवलं, रजेचा हिशोब करताना चौदा दिवस धरू नका. लुक्लाचं विमान पूर्ण हवेवर चालतं, खोऱ्यात ढग आले की बंद, कधी एक दिवस कधी दोन-तीन. गर्दीच्या सीझनमध्ये, म्हणजे तुम्ही जाणार त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातही, बरीचशी विमानं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात, काठमांडूहून तिथे गाडीने चार-पाच तास, म्हणून रात्री एक-दोनला निघावं लागतं. येताना तेच उलट. त्यामुळे काठमांडूहून परतीचं तिकीट काढताना मध्ये दोन दिवस मोकळे ठेवाच. नाशिकहून काठमांडूला थेट विमान नाही, ओझरहून दिल्ली गाठा किंवा मुंबईला जा, जाता-येता एकेक दिवस तो. घरातून निघून घरी येईपर्यंत अठरा दिवस होतात. हा आकडा रजेत बसत नसेल तर यंदा एव्हरेस्टचा विचार बाजूला ठेवा असं मी स्पष्टच सांगेन.

आणि मग काय करायचं तर अन्नपूर्णा बेस कॅम्प. ४,१३० मीटर, पोखऱ्याहून सुरू होतो, लुक्लाच्या विमानाची कटकट नाही, गुरुंग लोकांची गावं लागतात, वर पोचल्यावर चारही बाजूंनी डोंगर. कमी दिवसांत आणि कमी पैशात होतो, तिघांनाही आपलं शरीर उंचीवर कसं वागतं ते कळतं, आणि एव्हरेस्ट दोन वर्षांनी मुलाच्या बारावीनंतर नीट रजा काढून करता येतो. लोकांना हे ऐकताना कमीपणा वाटतो पण त्यात कमी काही नाही, आणि एक सांगते, एव्हरेस्ट बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचा माथा दिसतच नाही, तो दिसतो काला पत्थरवरून. शरद ऋतूत बेस कॅम्पवर चढाईवाल्यांचे तंबूही फारसे नसतात, ते एप्रिल-मेमध्ये. काय बघायला जातोय ते आधी माहिती असलेलं बरं.

आता गाइडबद्दल. कोटेशनमध्ये लोक हॉटेल बघतात, जेवण बघतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं विचारायचं राहतं. तुम्ही एवढंच विचारा, ग्रुपमध्ये किती लोक आणि गाइड-असिस्टंट गाइड किती, आणि दिंगबोचेला माझ्या मिसेसना त्रास झाला तर त्यांना घेऊन खाली कोण जाणार? बारा जणांना एकच गाइड असेल तर याचं खरं उत्तर कुणीच नाही हे आहे. मग होतं काय, आजारी माणसाला आज इथे आराम करा आम्ही वर जाऊन येतो असं सांगून लॉजवर एकटं सोडतात, आणि हे कधीही होऊ द्यायचं नाही. दुसरं विचारा की परत फिरायचा निर्णय कोण घेतो. गाइडने खाली चला म्हटलं की चर्चा नाही, असं तुम्ही तिघांनी घरीच ठरवून टाका, कारण वर गेल्यावर पैसे भरलेत, इतक्या लांब आलोय, उद्याच तर बेस कॅम्प आहे, हे सगळं डोक्यात येतं आणि त्या उंचीवर डोकं तसंही नीट चालत नाही.

पोर्टरचंही विचारा, प्लीज. एका पोर्टरवर वीस-पंचवीस किलोपेक्षा जास्त ओझं नको, त्याचा विमा हवा, त्याला वर पुरेसे गरम कपडे आणि झोपायला जागा हवी. स्वस्तातलं कोटेशन बऱ्याचदा इथेच स्वस्त झालेलं असतं. दोघांत एक पोर्टर असतो, लुक्लाच्या विमानात सामानाची मर्यादाही पंधरा किलोच्या आसपास, त्यामुळे बॅग मुळातच हलकी भरा.

बीपीबद्दल, गोळीने कंट्रोलमध्ये असेल तर बहुतेक लोक जाऊ शकतात पण हे मी ठरवणार नाही आणि ट्रेक कंपनीनेही ठरवायचं नाही. तुमच्या डॉक्टरांना नुसतं ट्रेकला जातोय असं सांगू नका, पाच हजार मीटरवर झोपणार आहे असं आकड्यात सांगा. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, काहींनी नाडीचा वेग रोखला जातो, त्यामुळे कुठली गोळी चालू आहे याने फरक पडतो. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, शुगर, हिमोग्लोबिन करून घ्या, मिसेसचं हिमोग्लोबिन तर नक्की, आपल्याकडे बायकांचं ते कमी असतं आणि कुणी बघत नाही.

त्याच भेटीत डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं विचारा. वर जो किडनीचा प्रकार सांगितला तेच काम ही गोळी लवकर करून घेते. प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असा डोस असतो, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, आणि घरी एक-दोन दिवस घेऊन बघायची, बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला सारखं जावं लागतं, ते वर गेल्यावर पहिल्यांदा कळलं तर माणूस घाबरतो. ही गोळी लक्षणं झाकत नाही, त्यामुळे ती घेऊन बरं वाटत असेल तर खरंच बरं आहे. पण ती घेतली म्हणून दोन रात्री कापता येतात असं नाही.

लक्षणं तिघांनाही पाठ पाहिजेत. डोकं दुखतंय आणि त्यासोबत मळमळ, भूक नाही, चक्कर किंवा खूप थकवा यातलं काही एक, तर ती उंचीच लागली असं धरायचं, उन्हाने असेल, झोप झाली नाही म्हणून असेल हे बोलायचंच नाही. त्या दिवशी वर जायचं नाही, तिथेच थांबायचं, बरं वाटलं तर पुढे, नाही वाटलं किंवा वाढलं तर खाली. दोन गोष्टींना मात्र थांबायचंही नाही, लगेच खाली, रात्र असली तरी. एक म्हणजे बसल्या जागी धाप लागणं, खोकला, छातीत घरघर, हे फुप्फुसात पाणी. दुसरं म्हणजे सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालता न येणं, असंबद्ध बोलणं, हे मेंदूला सूज. पाचशे ते हजार मीटर खाली आणलं की माणूस सुधारतो. फेरीचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं केंद्र आहे, सीझनमध्ये तिथे डॉक्टर असतात आणि दुपारी उंचीच्या आजारावर माहितीही देतात, जमवून तिघंही ऐका, दिंगबोचेहून फार लांब नाही.

कोरोनात घरोघरी आलेलं ऑक्सिमीटर सोबत नेलंत तर आकडा बघून घाबरू नका, पाच हजारवर ८० च्या आसपास हा सर्वसाधारण आकडा आहे, नाशिकमध्ये तोच आयसीयूचा. आकड्यापेक्षा माणूस कसा दिसतोय, जेवतोय का, बोलतोय का ते बघा.

आता नाशिकमधली तयारी. उंचीची तयारी इथे होत नाही, जिममध्ये मिळणाऱ्या त्या मास्कनेही होत नाही, त्यावर पैसे घालवू नका. तयारी करायची ती लागोपाठच्या दिवसांची. तुम्ही रविवारी एक ट्रेक करता आणि सोमवारी ऑफिसात बसता, तिथे रोज सकाळी उठून परत चालायचंय. म्हणून आत्तापासून शनिवारी ब्रह्मगिरी आणि रविवारी अंजनेरी असं जोडून करा, पाठीवर सहा-सात किलोची सॅक घेऊन. आठवड्यात पांडवलेणीच्या पायऱ्या, सॅकसकट, चार-पाच फेऱ्या, आणि फेरी उतरताना जास्त लक्ष द्या, गुडघे जातात ते उतरताना, गोरक्षेपहून लुक्ला फक्त अडीच-तीन दिवसांत उतरायचं असतं. आणि एक सवय आतापासून लावा, बोलता येईल इतक्याच वेगाने चढायचं. धाप लागून बोलणं थांबलं की वेग कमी. मुलाला हे सगळ्यात अवघड जाईल, त्याला मिसेसच्या मागे चालायला लावा.

बूट आत्ताच घ्या आणि याच वाटांवर वापरून मऊ करा. डाउन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग विकत घ्यायची गरज नाही, काठमांडूत थमेलमध्ये भाड्याने मिळतं. दिवाळी नोव्हेंबरात आली तर गोरक्षेपला रात्री उणे दहाच्याही खाली जातं, त्या हिशोबाने बघून घ्या. वर चार्जिंग, वायफाय, गरम पाण्याची अंघोळ सगळ्याचे वेगळे पैसे लागतात, रोख नेपाळी रुपये ठेवा. नामचेच्या वर मांसाहार टाळा, खुंबूत प्राणी मारत नाहीत, मांस खालून पाठीवर आलेलं असतं. डाळभात चांगला मिळतो पण उंचीवर भूक मरते आणि तेच तेच नकोसं होतं, तेव्हा घरचं मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि चिक्की याने दोन घास जास्त जातात, मी दरवेळी नेते. मिसेसना सांगा की पाळीच्या तारखा बघून सामान घरूनच न्या, वर मिळेलच असं नाही.

विमा करताना पॉलिसीत दोन ओळी शोधा, किती मीटरपर्यंतचा ट्रेक चालतो आणि हेलिकॉप्टर रेस्क्यू धरलाय का. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत हे बहुतेक नसतं. ६,००० मीटरपर्यंत असं लिहिलेलं घ्या आणि तुमचं बीपी फॉर्ममध्ये लिहा, लपवलंत तर क्लेम जातो. हेलिकॉप्टर बोलवायच्या आधी विमा कंपनीला फोन करावा लागतो, तो नंबर तिघांच्या खिशात कागदावर पाहिजे. नेपाळमध्ये गरज नसताना ट्रेकरला हेलिकॉप्टरने उतरवून विम्याचे पैसे काढायचे प्रकार झालेत, २०१८ मध्ये तिथल्या सरकारने त्याची चौकशीही केली, म्हणून साध्या डोकेदुखीला कुणी हेलिकॉप्टरचा आग्रह धरला तर आधी पायी खाली उतरता येतंय का ते बघा.

हवेचं शेवटचं. ऑक्टोबर म्हणजे आकाश स्वच्छ असं आपण धरून चालतो, आणि बहुतेक वेळा असतंही. पण २०१४ च्या ऑक्टोबरात विशाखापट्टणमला आलेल्या हुदहुद वादळाचा जोर अन्नपूर्णा भागात बर्फ होऊन पडला आणि थोरोंग ला खिंड आणि आसपासच्या डोंगरांत मिळून चाळीसहून जास्त माणसं गेली. बंगालच्या उपसागरात वादळ असेल तर गाइड एक दिवस थांबू म्हणेल, आणि ते थांबणं परवडावं म्हणूनही ते दोन मोकळे दिवस लागतात.

कागदपत्रांत मुलाचं बघा. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, विमानाने जाताना मोठ्यांना पासपोर्ट किंवा व्होटर कार्ड चालतं, आधार चालत नाही. मुलाला व्होटर कार्ड नसणार, त्याचा पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा. दोन्ही कंपन्यांकडून कुठल्या रात्री कुठे मुक्काम आणि तिथली उंची किती एवढी यादी लेखी मागवा आणि इथेच टाका, मी बघून सांगते.